सुरूच्या सावलीत सोडलेली मुडी

मी पत्रकं लिहिते. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला मागण्या, खाली गावाचं नाव. पेणला जिथे छापून घेते तिथले काका म्हणतात, "तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हंच फार. एवढं ओरडल्यावर माणूस कानावर हात ठेवतो गो." मी त्यांना म्हटलं, हळू बोलून पाहिलं काका, तेव्हा तर कोणी मानही वळवली नाही.

विषय एकच. गडबपासून आत, खाडीच्या बाजूला आमचं गाव आहे. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बाहेरून मोठा बांध आहे. तो उधाणाला फुटतो. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. पूर्वी खांड पडली की गावात हाक जायची आणि प्रत्येक घरातून एक माणूस चिखल उचलायला यायचा. ज्या घरातून आला नाही त्या घराला दंड. आता हाक मारली तरी घरात असतं कोण? कोणी कंपनीत शिफ्टला, कोणी आखातात, कोणी पनवेलला. खांड तशीच राहिली, पाणी आत आलं, पाण्यामागून तिवरं आली. आता कचेरीत म्हणतात, ते कांदळवन आहे, हात लावायचा नाही. म्हणजे आधी बांध दुरुस्त केला नाही म्हणून जंगल झालं आणि आता जंगल झालं म्हणून बांध दुरुस्त करता येत नाही. यावर उद्गारचिन्ह नाही द्यायचं तर कशावर द्यायचं?

आमच्या समितीत सुरुवातीला पाच जण होतो. एक कुवेतला गेला. एकाला रोह्याला कंपनीत नोकरी लागली, बांधाचं नाव काढलं की तो घड्याळ बघतो. एक मैत्रीण लग्न होऊन खांब गावाला गेली. एकाला राजकारण लागलं. समितीच्या ग्रुपवर बांधाबद्दल आता मी एकटीच लिहिते, बाकीचे सकाळी फुलांचे फोटो टाकतात. आई-बाबा भावाकडे पनवेलला. मी पेणला एका गणपतीच्या कारखान्यावरच्या खोलीत भाड्याने राहते. खाली दिवसभर माणसं रंग देत, गाणी लावत, एकमेकांना शिव्या घालत काम करतात. जेवताना मी खिडकी उघडी ठेवते. ती वाऱ्यासाठी नसते, हे इथे पहिल्यांदाच लिहितेय.

तर तो बाजार. अलिबागच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका गावात दर रविवारी सकाळी सुरूच्या बनात भरतो. हाताने केलेल्या वस्तू आणि 'ऑरगॅनिक' माल. पावसाळ्यात बंद. मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. आमच्या खाडीतली शेती बुडतेय आणि तासाभराच्या अंतरावर लोक मातीच्या नावाने साबण विकतायत, हे मला सहन होत नव्हतं. पत्रकाचा मथळा होता: 'तुमच्या ताटातला तांदूळ कुठे बुडाला?' शंभरेक वाटली असतील. एकाने त्यात पाव गुंडाळला. एका बाईने वारा घेतला. एक जण म्हणाला, "मराठीत आहे का? सॉरी." आणि परत दिलं. निदान परत दिलं.

पण बाजार चालवणारी बाई माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने ते वाचलं. दोन्ही बाजू. मूळची मुंबईची, दहा-बारा वर्षं इथेच राहते. मातीच्या रंगाची साडी, पायात रबरी चपला. वाचून झाल्यावर म्हणाली, "हा तांदूळ अजून कोणाकडे आहे का?"

मी म्हटलं, "माझ्या आत्याकडे. फक्त तिच्याकडे."

"मग तिला आणा ना. मी टेबल देते. लोकांना बघू दे."

माझं पत्रक माझ्यासमोर उभं राहून पूर्ण वाचणारं शेवटचं माणूस कोण होतं, हे मला त्या दिवशी एसटीत बसून आठवेना. इतकं झालं होतं. म्हणून मी आत्याला तयार केलं. नाहीतर आज सांगते, मला त्या बाजाराची गरज नव्हती.

आत्याचं सासर-माहेर एकाच गावात. तिच्या वाट्याची जमीन खाडीने नेली. गावाकडच्या बांधाजवळ घराएवढा एक तुकडा राहिला आहे, तिथे उधाणाचं पाणी येतं आणि जातं. त्यात ती दरवर्षी आमचं जुनं खारं भात लावते. लाल दाणा, उंच काडी, मिठाच्या पाण्यात तग धरणारं. बाकी सगळ्यांनी ते सोडलं. खाण्यापुरतंही धड पिकत नाही, ती लावते बी जिवंत ठेवायला. ते बी असतं मुडीत. मुडी म्हणजे त्याच भाताच्या लांब पेंढ्याचं गोल बांधलेलं गाठोडं, मोठ्या भोपळ्याएवढं, वरून पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळलेलं. ती माळ्यावर राहते, चुलीच्या धुराने तांबूस होते. कीड नाही, दमट नाही. आणि ती सोडायची पेरणीच्या तोंडावर, घरातल्या मोठ्या माणसाच्या हाताने. त्याआधी नाही. याला कारण विचारायचं नसतं.

मी म्हटलं, मुडी पण घेऊ. लोकांना दाखवायला.

आत्या म्हणाली, "पोटुशी बाई हाय ती. तिला कोण प्रवासाला नेतं काय?"

"आत्या, नुसतं शब्दांनी लोकांना कळत नाही."

"मग तू काय करतंस इतकी वर्सं?"

मी पिशवीतली पत्रकं सारखी करायला लागले, ते तिला बघवलं नाही. म्हणाली, "बरं, घे. पन दाखवायची. सोडायची नाय."

मी हो म्हटलं. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मला कोणी विचारलं नाही, पण मी हो म्हटलं होतं.

आदल्या संध्याकाळी आत्याला पेणला आणलं, तिथून पहिल्या एसटीने निघालो. आत्याच्या मांडीवर मुडी, माझ्या पायाशी वालाच्या आणि आत्याने खाण्यातून मागे ठेवलेल्या थोड्या लाल तांदळाच्या पुड्यांची पिशवी. कंडक्टर मुडीकडे बघून म्हणाला, "मावशी, हिचं अर्धं काढू का पूर्ण?"

"पोटातल्यांचं बी काढ," आत्या म्हणाली. "मोज आत जाऊन."

सगळी एसटी हसली. वडखळला गाड्यांची रांग लागली होती, सगळ्या समुद्राकडे. आत्या काचेतून एकेका गाडीत बघत होती. "येवढी मानसं," म्हणाली, "आन खांडीवर यक नाय." मी दर पत्रकात हेच लिहिते. तिने ते चार शब्दांत सांगितलं आणि पानाची चंची उघडली.

बाजारात आम्हाला चांगली जागा मिळाली. टेबलावर केळीचं पान, काळ्या पाटीवर खडूने 'खाऱ्या जमिनीतला लाल तांदूळ'. मधोमध मुडी. शेजारी रोह्याकडच्या एक खाला होत्या, कोकमाचं आगळ आणि आमसुलं घेऊन. मुलगा दुबईला, सून फोन धरून त्यांचे व्हिडिओ काढत होती. त्यांनी मुडी बघितली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या अल्ला. मुडी! आमच्याकडं माझ्या सासूच्या हातची शेवटची. तुम्ही अजून बांधता गो?"

"मीच रायलेय," आत्या म्हणाली. "मी मेली की बांधील कोन?"

दोघींची लगेच गट्टी जमली. मी आपली टेबलाच्या पुढे उभी राहून पत्रकं देत होते. मागे दोघी म्हाताऱ्या पावसाळ्याच्या आधी काय काय वाळवायचं यावर बोलत होत्या, मधेच हसत होत्या. मी पुढे आणि त्या मागे. हे अंतर चार पावलांचं होतं.

गिऱ्हाइकं आली. एक तरुण जोडपं. मुलीने विचारलं, "हे सर्टिफाइड ऑरगॅनिक आहे का?"

आत्या म्हणाली, "खारं पानी हाय बाय. त्यात खत घालून खत बी मरल."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे व्हय," खाला मधे पडल्या. "घे, डोळे झाकून घे. साखर होणार नाय तुला." दोघांनी एकेक पुडी नेली. मी पाच मिनिटं समजावून जे जमलं नसतं ते खालांनी एका थापेत विकलं.

मग एक बाई आल्या. बोटांनी मुडीचा पेंढा चाचपून बघितला. त्यांचं घर बघायला लोक येतात अशा त्या असाव्यात. "हे विकायला आहे?"

"नाय," आत्या म्हणाली.

"आतलं धान्य तुम्ही ठेवा हो. मला फक्त बाहेरचं पाहिजे. याच्यात दिवा फार सुंदर दिसेल."

आत्या माझ्याकडे वळली. "कातडं मागते गो ही!"

खाला आगळाची बाटली धरून हसायला लागल्या. मी नाही हसले. मला राग आला, आणि त्याच रागात मी होते तेव्हा आत्या म्हणाली, "मी जरा पाय भिजवून येते. आपल्याकडं नुसता चिखूल. वाळूचा समुद्र बघून किती वर्सं झाली." ती सुरूच्या झाडांमधून खाली गेली, चपला हातात घेऊन.

आणि मी बोलायला लागले. त्या दिव्यावाल्या बाईंशीच बोलत होते आधी. हे शोभेचं गाठोडं नाही. हे एका गावाचं उरलेलं बियाणं आहे. मोठ्याने बोलायची मला सवय, त्यामुळे दोन जण थांबले. मग चार. मग कॉफीचे कप घेऊन अर्धा बाजार. मी खांडीबद्दल सांगितलं, हाक कशी जायची ते सांगितलं, कचेरीतलं उत्तर सांगितलं. कोणी घड्याळ बघत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान हलवली. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. बाजार चालवणारी बाई मागे हात बांधून ऐकत होती. मला वाटलं, हेच. इतकी वर्षं ज्यांना शोधत होते ती माणसं हीच.

कोणीतरी म्हणालं, "आत बघता येईल?"

मी गाठ सोडली.

विचार केला नाही असं म्हणणं खोटं होईल. हात गाठीवर गेला तेव्हा आत्याचा शब्द आठवला होता. पण समोर वीस-पंचवीस चेहरे होते आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते. दोरी उलगडली, पेंढा फुलासारखा उघडला आणि लाल भात सकाळच्या उन्हात आलं. लोक 'अरे वा' म्हणाले. फोन वर झाले. आणि मग मी त्याहून मोठी चूक केली. मी म्हटलं, "हे फक्त एका घरात राहिलं म्हणून संपायला आलंय. तुम्ही न्या. मूठभर न्या. जिवंत ठेवा!" त्यांनी ओंजळी पुढे केल्या. मी भरत गेले. बाळाच्या टोपीत, कॉफीच्या रिकाम्या कपात, साबणाच्या पिशवीत. खालांनीही हात पुढे केला, त्यांनाही दिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, धान्याकडे नाही.

आत्या आली तेव्हा गर्दी पांगली होती. साडीचा काठ ओला. ती टेबलासमोर थांबली. अर्ध्याहून कमी भात उरलं होतं, थोडं वाळूत सांडलं होतं. खाडीकडून नाही, समुद्राकडून वारा येत होता, ओला.

ती ओरडेल असं मला वाटलं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं. ती खाली बसली आणि वाळूतून एकेक दाणा वेचायला लागली. खाला उठून तिच्याशेजारी बसल्या. मीही बसले, तर आत्या म्हणाली, "तू टेबल बघ. मानसं येतील."

साबणवाल्या मुलीने एक कापडी पिशवी दिली, तिच्यावर 'पृथ्वी वाचवा' छापलेलं. तिच्यात बी भरून आम्ही परतलो. एसटीत आत्याच्या मांडीवर ती पिशवी, आणि सुटा पेंढा तिने दुमडून काखेत धरलेला. वडखळ आलं तेव्हा ती म्हणाली,

"मला हाक मारली असतीस. मी कुठं लांब होती?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"व्हय. म्हनून नाय मारलीस."

मग ती तिथेच गावाकडची गाडी धरायला उतरली. मी पेणला पुढे गेले. खाली कारखान्यात रविवारची सुट्टी होती, गाणी नव्हती. त्या दिवशी कळलं की ज्याला मी लढा म्हणते त्यात मी आत्याला कधीच मोजलं नव्हतं. ती माझा पुरावा होती. कचेरीतल्या लोकांना मी हेच म्हणते ना, की आम्हाला न विचारता आमचं ठरवता? मग मी काय केलं?

पुढचा रविवार मोसमातला शेवटचा. मी एकटी गेले, बी परत मागायला. होय, परत मागायला. दिलेल्याची भीक मागत त्या सुरूच्या बनात फिरले. पण चेहरे वेगळे होते. दर आठवड्याला नवे लोक येतात, हे मला आधी सुचायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलेली मुलगी नव्हती. मान हलवणारे गृहस्थ नव्हते. बाजारवाल्या बाईने त्यांच्या ग्रुपवर माझा निरोप टाकला, प्रामाणिकपणे टाकला. खाली पंधरा-वीस लाल बदाम आले. एक फोटो आला: काचेची बरणी, आत आमचं भात, बाजूला मेणबत्ती. सोबत लिहिलेलं, 'आमच्याकडे सुरक्षित आहे.' मी पत्ता विचारला. उत्तर आलं नाही.

राग कोणावर काढायचा ते समजेना. त्यांनी चोरी केली नव्हती. मीच त्यांच्या ओंजळीत घातलं होतं.

निघताना खालांनी हाक मारली. रुमालाची गाठ माझ्या हातात दिली. "हे घे. तुझ्या आत्याला दे."

"खाला, तुम्ही घेतलं होतं ना लावायला?"

"मी कुठं लावू? माझी शेती आगळाच्या बाटलीत गेली." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी पुढं केला हात, म्हटलं येवढं तरी यांच्याकडून वाचंल. तुला थांबवायला पायजे होतं मी. पन तुझं तोंड बघितलं, येवढी खूश होतीस. कोन ऐकत नसंल तुझं, नाय?"

मी म्हटलं, एसटीची वेळ झाली.

ती गाठ मी आत्याकडे नेली. तिने उघडली नाही, वजन हातात तोललं आणि माळ्यावर पिशवीशेजारी ठेवली. "च्या घेतंस?" म्हणाली. मी घेतला. ती शेजारणीशी बोलत राहिली. शेजारीण मला ओळखते, पण तिनेही विचारलं नाही की बांधाचं कुठवर आलं. गावाला कळलं होतं. गावात असंच असतं, माणूस चुकला की आधी त्याला प्रश्न विचारणं बंद होतं.

पाऊस पडून जमिनीतला खार धुतला गेला की आमच्याकडे बी भिजवतात, झाकून ठेवतात, मोड आले की चिखलात फेकतात. आत्याने मला निरोप दिला नव्हता. छापखान्याच्या काकांकडून कळलं, त्यांचा मेहुणा आमच्या गावचा. मी गेले तेव्हा तिने टोपली झाकली होती. तिच्या घरात मी जमिनीवर बसून राहिले. वारा लागलेलं, हाताळलेलं बी. मोड येतील का, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

सकाळी तिने पोतं बाजूला केलं. पांढरे मोड आले होते. सगळ्या दाण्यांना नाही, पण बहुतेकांना. तिने हात आत घालून वर-खाली केला आणि श्वास सोडला. तेवढाच.

तिने ते एकटीने फेकलं. अर्ध्या तुकड्यातच संपलं. उरलेला अर्धा तिने तसाच ठेवला, त्याच्याकडे बघितलंही नाही. मी बांधावर उभी.

"मी काय करू?"

"पाखरं हाकल. मोड वेचून खातात ती." मग जाता जाता म्हणाली, "येवढं उरलंय, येवढं तरी कापनीला पोचूं दे."

चार दिवस मी पेणहून सकाळी येत होते आणि संध्याकाळी जात होते. डोक्यावर इरलं नाही, छत्री. बांधावर बसायचं, थवा उतरला की उठून ओरडायचं. पाखरं उडून खांडीपलीकडच्या तिवरांवर बसायची, मी बसले की परत यायची. दिवसभरात बांधावरून दोन माणसं गेली. एकाने विचारलं, "कोनाची गो तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. "हां, ते पनवेलचे," म्हणाला आणि गेला.

उधाण त्या दिवसांत आलं, पण तुकड्यापर्यंत चढलं नाही. ते नशीब, माझं कर्तृत्व नाही.

पाचव्या सकाळी कोंब सरळ उभे होते. बोटभर हिरवं, अर्ध्या तुकड्यावर. आत्या आली, वाकली, दोन-चार ठिकाणी मूळ धरलंय का ते बोटाने बघितलं. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी सैलपणा आला, आणि मला वाटलं आता ती माझ्याशी बोलेल.

"धरलंय," म्हणाली. "आता पाखरं नाय खात. उद्यापास्नं नको येऊस."